बर्फ पडला का?

संध्याकाळी साडेसातला आई देवापाशी दिवा लावते आणि मी पडवीत लॅपटॉप उघडतो. थंडीच्या दिवसांत त्या वेळी माँट्रियलला सकाळचे नऊ वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचे लोक घड्याळ तासभर पुढे सरकवतात, मग माझे नऊ साडेसहालाच वाजतात. नोव्हेंबरात पुन्हा साडेसात. आईला हा प्रकार मुळीच पटत नाही. "ज्यांचं घड्याळ जागेवर नाही त्यांच्या भरवशावर तू नोकरी करतोस," असं ती एकदा म्हणाली होती.

दिव्याला हात जोडून झाले की ती पडवीत डोकावते आणि विचारते, "बर्फ पडला का?"

ऑक्टोबरपासून हा प्रश्न रोजचा. मी अलिबागजवळच्या चौलात बसून कॅनडातल्या लोकांना बर्फात चालायचे टायर विकतो. म्हणजे विकतं ते माँट्रियलजवळचं एक दुकान. टोरांटोच्या बाजूलाही त्यांच्या दोन शाखा आहेत. लोकांनी गूगलवर टायर शोधले की या दुकानाचं नाव वर दिसावं, ही माझी जबाबदारी. इंग्रजीत शोधलं तरी आणि फ्रेंचमध्ये शोधलं तरी. या कामाला एसईओ म्हणतात हे सांगून उपयोग नसतो, म्हणून आळीत सगळे मी गूगलमध्ये कामाला आहे असंच धरून चालतात. मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. बर्फ मी फ्रीजरमध्ये सोडून कुठेही पाहिलेला नाही.

इथे मी आलो तो वादळामुळे. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत आमच्या वाडीतल्या पोफळी काड्यापेटी उपडी करावी तशा एकमेकींवर आडव्या झाल्या. मुंबईचं ऑफिस तेव्हा बंदच होतं. वीज यायला आमच्याकडे तीन आठवडे लागले. तोवर मी आणि अप्पा कोयते घेऊन नुसती वाट मोकळी करत होतो. नवी पोफळ लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं सहज जातात. तेवढा काळ घर कशावर चालवायचं, या प्रश्नाचं उत्तर माझ्या अकरावी-बारावीच्या मार्कशीटवर निघालं. तिथे मी फ्रेंच घेतलं होतं. संस्कृतपेक्षा जास्त मार्क पडतात एवढंच कारण. एका एजन्सीला इंग्रजी लिहिणारा, थोडं फ्रेंच येणारा आणि रात्री जागणारा माणूस हवा होता. तिन्ही मी होतो. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी जरा वाढवून सांगितलं होतं, ते पुढे अंगाशी आलंच.

कॅनडाच्या केंद्र सरकारच्या लेखी १९६९ पासून इंग्रजी आणि फ्रेंच सारख्या मानाच्या. प्रत्यक्षात पाचांतला साधारण एक माणूस फ्रेंचवाला, आणि त्यांतले बहुतेक क्वेबेक प्रांतात. त्या प्रांताने १९७७ मध्ये कायदा क्रमांक १०१ आणून व्यवहाराची भाषा फ्रेंच ठरवली, २०२२ च्या कायद्याने ती पकड आणखी आवळली. दुकानाची पाटी असो की वेबसाइट, गिऱ्हाइकाला फ्रेंच मजकूर इंग्रजीइतकाच सहज मिळायला हवा. पाटीवर दुसरी भाषा असली तर फ्रेंचला तिच्या दुप्पट जागा. हे वाचत असतानाच आपल्याकडे दुकानांच्या मराठी पाट्यांचा कायदा २०२२ मध्ये कडक झाला, अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत म्हणून. शेजारच्या रेवदंड्याच्या बाजारात तेव्हा रंगाऱ्याला उसंत नव्हती. मला क्वेबेकवाल्यांचं म्हणणं एकदम घरचं वाटायला लागलं.

जाता जाता एक गंमत. त्या १९७७ च्या बरोबर दोनशे वर्षं आधी, १७७७ मध्ये, सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच माणूस आमच्या चौल बंदरात उतरला होता. तिथून तो पुण्याला नाना फडणवीसांकडे गेला. फ्रान्सला म्हणे चौलचं बंदर हवं होतं. मुंबईच्या इंग्रजांची त्याने झोप उडवली, हाती मात्र काही लागलं नाही. म्हणजे इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यातली ओढाताण आमच्या गावाला नवी नाही. तेव्हा ती बंदरासाठी होती. आता गूगलच्या पहिल्या पानासाठी आहे आणि मी दोन्ही बाजूंनी लढतो.

पहिल्या हंगामात मी सरळ भाषांतर केलं. इंग्रजीत 'विंटर टायर'. फ्रेंचसाठी इंटरनेटवर धुंडाळलं तर सगळीकडे 'प्नू नेज' सापडलं, म्हणजे हिमाचे टायर. शब्द छोटा, गोड, आणि किती लोक शोधतात त्याचा आकडाही मोठा. मी तो पानाच्या शीर्षकात घातला, मथळ्यात घातला, फोटोखाली घातला. आठवडाभराने क्लायंटकडच्या बाईंचा निरोप आला. अतिशय सभ्य निरोप. त्यात एवढंच होतं की हे फ्रेंच उत्तम आहे, पण ते फ्रान्सचं आहे. आमच्याकडे 'प्नू दिव्हेर' म्हणतात, हिवाळ्याचे टायर. मी आकडे बघताना देश निवडायलाच विसरलो होतो. समोर दिसत होती ती पॅरिस आणि लियाँची माणसं, आणि ती काही टायर बदलायला माँट्रियलला येणार नव्हती.

मग त्या बाईंनी एकेक गाठ सोडवून दिली. ई-मेलला फ्रान्समध्ये सर्रास 'मेल' म्हणतात, क्वेबेकमध्ये 'कूरियेल'. शनिवार-रविवारला फ्रान्सचा माणूस खुशाल इंग्रजीतला 'वीकेंड' म्हणतो, क्वेबेकचा 'फँ द स्मेन'. फ्रान्सच्या रस्त्यावर थांबायच्या लाल पाटीवर 'स्टॉप' लिहिलेलं असतं आणि क्वेबेकमध्ये 'आरे'. चारी बाजूंनी इंग्रजीने वेढलेल्या माणसाला शब्द राखून वापरावे लागतात, फ्रान्सला ती चिंता नाही. दुकानाच्या वेळांच्या पानावर तर मी कळसच केला होता. इंग्रजीत लिहिलेलं होतं की दुपारी जेवणासाठी अर्धा तास बंद. मी शाळेत शिकल्याप्रमाणे दुपारच्या जेवणाला 'देजने' लिहिलं. क्वेबेकमध्ये देजने म्हणजे सकाळची न्याहारी. दुपारचं ते 'दिने' आणि रात्रीचं 'सूपे'. फ्रान्समध्ये दिने रात्रीचं. तर महिनाभर आमचं दुकान जाहीरपणे न्याहारीला बंद राहत होतं.

हे सगळं वाचून मला हसू येण्याऐवजी लाज वाटली, कारण हा धडा मला घरातच मिळायला हवा होता. झाडावर असेपर्यंत जो रातांबा, तो वाळवला की आमच्याकडे कोकम, पुण्याच्या मावशीकडे आमसूल, वहिनीच्या माहेरी मालवणला सोलं. गोव्याची हद्द ओलांडली की ते फळच भिरंड होतं. आमचा जिताडा तिथे चोणक होतो, सुरमई इसवण होते. मालवणच्या बाजारात कोणी आमसुलं मागितली तर बाई देईल, पण आधी त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघेल. मला हे लहानपणापासून ठाऊक. आणि तरी मी असं धरून चाललो की फ्रेंचांच्या घरात मात्र एका वस्तूला एकच शब्द असणार.

शब्द सापडले तरी काम संपत नाही, हे पुढच्या हंगामात कळलं. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं सक्तीचं आहे. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण लागते, नाहीतर दंड. शेजारच्या ओंटारियोत अशी सक्ती नाही. तिथे २०१६ पासून विमा कंपन्यांनी हिवाळी टायर लावणाऱ्याला हप्त्यात सूट द्यायची, असा नियम आहे. म्हणजे टायर तोच, रबर तेच, पण माँट्रियलचा माणूस गूगलला विचारतो 'शेवटची तारीख कधी?' आणि टोरांटोचा विचारतो 'सूट मिळवायला टायर कधीपर्यंत लावायचे?' इंग्रजी पानाचं कितीही सुरेख फ्रेंच केलं तरी ते कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. मी फ्रेंच पान मोडून नव्याने लिहिलं, आधी फ्रेंचमध्ये, मग लागेल तेवढं इंग्रजीत. एजन्सीतल्या साहेबांना हा उलटा कारभार वाटला. वाटू दे.

आता यात एक पेच आहे आणि तो अजून सुटलेला नाही. माँट्रियलमध्ये इंग्रजी बोलणारी माणसंही भरपूर आहेत. त्यांना सक्ती क्वेबेकची आणि भाषा टोरांटोची. गूगलला कुठलं पान कोणासाठी हे सांगायला एक खूण असते, एचरेफलँग म्हणतात तिला, २०११ पासून आहे. तीत भाषा सांगता येते आणि देश सांगता येतो. कॅनडातली इंग्रजी, कॅनडातली फ्रेंच, बस्स. प्रांत सांगायची सोय नाही. मी सुरुवातीला मोठ्या हुशारीने फ्रेंचपुढे देशाच्या जागी 'क्यूसी' लिहून ठेवलं होतं, क्वेबेक म्हणून. गूगलने ते निमूटपणे सोडून दिलं. क्वेबेक देश नाही. १९९५ च्या सार्वमतात वेगळं व्हायच्या बाजूने ४९.४२ टक्के मतं पडली होती, विरोधात ५०.५८. तो एक टक्का इकडचा तिकडे झाला असता तर माझी खूण कदाचित बरोबर ठरली असती. हा विनोद मी त्या बाईंना सांगायचं टाळलं.

या खुणेचा दुसरा नियम मला फार आवडतो. इंग्रजी पानाने सांगायचं की अमुक फ्रेंच पान माझं जोडीदार आहे, आणि त्या फ्रेंच पानानेही उलट तसंच सांगायचं. एकानेच सांगितलं तर गूगल मानत नाही. लग्नाच्या बोलण्यांत नाही का, आम्ही तर तुम्हाला व्याही समजतो असं एकच बाजू म्हणत राहते, तेव्हा शहाणी माणसं पत्रिका छापायला टाकत नाहीत.

आणि एक दुखणं होतं ते मी येण्याच्या आधीपासूनचं. वेबसाइट बनवणाऱ्याने, माणूस कुठून आला ते बघून भाषा आपोआप ठरेल अशी सोय करून ठेवली होती. क्वेबेकमधून आला तर फ्रेंच, बाकी सगळ्यांना इंग्रजी. सोय दिसायला छान. पण गूगलचा जो यंत्र-पाहुणा पानं वाचत फिरतो तो बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. त्याला दरवेळी इंग्रजीच्या दारातून आत घेतलं जायचं. त्याच्या लेखी फ्रेंच खोली या घरात नव्हतीच. हे मला समजलं ते मांडव्याच्या जेट्टीवर. मुंबईहून बोटीने आलो, पाठीवर लॅपटॉपची सॅक, डोळ्यांवर गॉगल. रिक्षावाला समोर येऊन म्हणाला, "सर, अलिबाग बीच जाना है?" माझ्या शाळेत दोन वर्षं मागे होता तो. मी मराठीत बोललो तरी त्याला वळायला दोन वाक्यं लागली. पेहराव बघून भाषा ठरवली की घरचा माणूसही पर्यटक होतो. दुसऱ्या दिवशी मी ती आपोआप ठरवायची सोय काढायला लावली. आता वर कोपऱ्यात भाषेचं साधं बटण आहे, ज्याला जे हवं ते त्याने दाबावं.

वहिनीने अलीकडे वाडीत दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या आहेत. घरात तज्ज्ञ असल्यावर बाहेर कशाला विचारायचं, म्हणून तिच्या पानाचा मजकूर मी लिहिला. 'चौलच्या पोफळीच्या वाडीत, पाखाडीच्या वाटेवर' अशी सुरुवात होती. मला तरी बरी वाटली होती. वहिनीने मोबाइलवर वाचून पाहिलं आणि म्हणाली, "भावजी, ह्या सगळा कोण वाचतला?" कोणीच नाही वाचलं. पुण्या-मुंबईची माणसं चौल शोधत नाहीत, रेवदंडाही शोधत नाहीत. इकडे सतरा किलोमीटरवर राहायचं असलं तरी ती शोधतात अलिबाग. पोफळ शोधणारा तर अजून जन्माला यायचाय. वहिनीने नकाशावरच्या नोंदीत स्वतःच लिहिलं, अलिबागजवळ, समुद्र चालत, एसी, गाडी लावायला जागा, घरगुती जेवण व्हेज-नॉनव्हेज. डिसेंबरचे शनिवार-रविवार भरले. माझा मजकूर तिने छापून खोलीत भिंतीवर लावलाय. आलेले पाहुणे तो वाचतात आणि पोफळ म्हणजे कुठलं झाड ते विचारतात. मग अप्पा खुशीत अर्धा तास वाडी दाखवतात.

कुंडलिकेच्या पुलापलीकडे कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वाडीत घरात आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली बोलतात. पोर्तुगीज चौल सोडून गेले १७४० मध्ये. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास, आणि बोलीला त्यांचं नाव 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा. तिथली एक मावशी भाजी घेऊन रेवदंड्याला बसते. माझ्याशी मराठी बोलते, अगदी इथलं, आणि शेजारच्या बाईकडे वळली की दुसरंच काही सुरू होतं. त्यातला एखादा शब्द मला फ्रेंचसारखा वाटतो, आणि विचार करेपर्यंत निसटतो. एकदा मी तिला विचारलं, मावशी, मोजता कुठल्या भाषेत? तिने टोपलीतल्या शेंगा सारख्या केल्या. म्हणाली, "गिऱ्हाइकाला मराठीत मोजून देते. घरी जाऊन पैसे आमच्या भाषेत मोजते."

त्या रात्री मी दुकानाच्या फ्रेंच पानावरची किंमत तपासली. क्वेबेकमध्ये डॉलरची खूण आकड्याच्या मागे येते आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. आमच्या पानावर शब्द सगळे फ्रेंच आणि आकडे इंग्रजी पद्धतीचे होते. तीन वर्षं. कोणी तक्रार केली नव्हती. बदलल्यावर कोणी कौतुकही केलं नाही, आणि विक्री वाढली असं मी म्हणणार नाही, कारण त्याच आठवड्यात पारा शून्याखाली गेला होता. आमच्या धंद्यात हे एक बरं असतं, आलेख वर गेला की श्रेय घ्यायला कारण हाताशी असतं आणि खाली आला की हवामान.

हंगाम कसा चालतो हे मात्र मला आईमुळे कळलं. पहिल्या वर्षी मला वाटायचं की बर्फ पडला की लोक टायर शोधतील, म्हणून मी नोव्हेंबरची वाट बघत बसलो. आई म्हणाली, आगोटीची खरेदी पाऊस पडल्यावर करतं का कोणी? पांढऱ्या कांद्याच्या माळा, सुकी मासळी, जळण, सगळं मेमध्ये घरात येतं. जूनमध्ये धावतो तो ज्याला उशीर झाला तो. कॅनडातही तेच. नेटकी माणसं ऑक्टोबरात शोधतात, किमती ताडून बघतात, नावं टिपून ठेवतात. पहिला बर्फ पडला की उरलेले एकदम धावतात आणि त्यांना फक्त 'आत्ता, जवळ, उघडं' एवढंच हवं असतं. म्हणून सविस्तर पानं आता आम्ही ऑगस्टमध्ये तयार करतो, बाहेर पागोळ्या गळत असताना.

परवा, नोव्हेंबरातला मंगळवार. दिवा लावून आई आली आणि काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "पडला." स्क्रीनवर फ्रेंच पानाची रेघ सरळ उभी राहिली होती, इंग्रजीची तिच्यामागून सावकाश येत होती. आईने आत वळून आवाज दिला, "अहो, पडला हो एकदाचा." अप्पा वाडीतून हातपाय धुऊन येत होते. पुसतापुसता त्यांनी विचारलं, "किती इंच?"

"ते सेंटिमीटरमध्ये सांगतात अप्पा. आठ."

त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे तीन इंच. पहिल्याला बरा आहे."